एकच इअरफोन, तीन फोन: आवाजातला फरक कसा तपासायचा

तुम्ही खानापूरहून विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही गाणं शिकता आणि घरात तीन फोन आहेत: मामांचा जुना एलजी व्ही३० प्लस, वडिलांचा दहा-बारा हजारांचा जॅकवाला फोन आणि तुमचा नवा, ज्याला जॅकच नाही म्हणून टाइप-सीचं कनेक्टर लावून ऐकता. इअरफोन एकच, ध्वनिमुद्रणही एकच. तरी मामांच्या फोनवर तानपुरा मोकळा वाटतो, वडिलांच्या फोनवर दबल्यासारखा, आणि तुमच्या फोनवर मुळात आवाजच कमी. हा फरक खरा की भास? आणि वीस हजारांत नवा फोन घ्यायचा तर हेडफोनच्या आवाजासाठी कोणता घ्यावा?

फरक खरा असू शकतो. पण दुकानात त्याचं जे कारण सांगतात, ‘ह्यातली चिप भारी आहे’, ते बहुतेक वेळा खरं नसतं. मी बेळगावात टिळकवाडीत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो, हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्तीही करतो. ‘ह्या फोनात आवाज लई भारी येऊलाय बघा’ म्हणत लोक फोन घेऊन येतात, तेव्हा मोजून पाहिल्यावर बहुतेकदा तीनपैकी एक कारण निघतं. एक फोन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठ्याने वाजत असतो, नाहीतर एकात कुठलातरी इफेक्ट चालू असतो, नाहीतर फोनच्या आउटपुटची त्या इअरफोनशी जोडी जमत नसते. डीएसी म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. तिचा नंबर ह्या तिन्हींच्या नंतर लागतो. सोळा बिटच्या सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, आणि आजचे साधे फोनही त्याच्या जवळपास पोहोचतात. रात्री पंखा बंद केलेल्या शांत खोलीतही तीसेक डेसिबलचा आवाज असतोच. खानापूर-बेळगाव बसमध्ये तर इंजिनाच्या घरघरीखाली सगळंच बुडून जातं. तिथे एका फोनचं हे अंतर ९५ डेसिबल आणि दुसऱ्याचं ११०, हा फरक कोणाच्या कानाला कळणार?

तुलनेआधी फोन समान पातळीवर आणा. सेटिंगमध्ये साउंडच्या खाली डॉल्बी अ‍ॅटमॉस, इक्वलायझर, कानानुसार आवाज जुळवण्याची सोय असं काय काय असतं, ते सगळं बंद करा. बरेच इफेक्ट चालू करताक्षणी आवाज वाढवतात, म्हणून ते आवडतात. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवण्याची सोय असते, ती तिन्ही फोनांत एकतर चालू ठेवा नाहीतर बंद. फाइलही तीच हवी. एका फोनवर यूट्यूब आणि दुसऱ्यावर मेमरी कार्डातली फाइल ऐकलीत तर तुलना फोनांची राहत नाही.

मग वडिलांच्या फोनच्या जॅकमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. शिवाय आपल्याकडचा, विशेषतः खानापूर-जांबोटीकडचा पाऊस असा की चार महिन्यांत जॅकच्या आतल्या पत्र्यांवर थर चढतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कापूस हळूच काढा, सुई घालू नका. पिन अर्धवट बसली किंवा ग्राउंडची तार तुटली की एक विचित्र गोष्ट होते: गायकाचा आवाज गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा करंट परत जायची वाट एकच, ग्राउंड. ती तुटली की करंट एका स्पीकरमधून दुसऱ्यात शिरतो आणि दोन्ही बाजूंतला फक्त फरक वाजतो. गायक बहुतेक ध्वनिमुद्रणांत मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच नेमका वजा होतो. माइकवाल्या चार कप्प्यांच्या पिनेत ग्राउंड आणि माइकच्या जागा उलटसुलट असलेले दोन प्रकार आहेत. जुना हेडफोन नव्या फोनला लावल्यावरही असं होऊ शकतं. फोन खराब झाला समजून लोक नवा घ्यायला निघतात, म्हणून हे जरा लांबण लावून सांगितलं.

आता पातळी. हे नीट केलंत तर बाकीचं निम्मं काम झालं. दोन आवाज सारखे असून एक फक्त एक डेसिबलने मोठा असेल, तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. त्यात खर्ज जास्त भरलेला वाटतो, बारकावे जास्त ऐकू येतात. लहान आवाजात कान खालचे आणि वरचे स्वर कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. एक डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण बारा टक्के. फोनवरच्या आवाजाच्या पंधरा पायऱ्यांपैकी एकच पायरी बहुधा त्याहून जास्त उडी मारते. म्हणजे ‘दोन्ही फोन दहाव्या पायरीवर ठेवले’ ह्याला काहीच अर्थ नाही. कानाने पातळी जुळवूनही चालत नाही, मल्टिमीटर हवा.

इथे एक अडचण येते. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या मल्टिमीटरवर एसीच्या दोनच रेंज असतात, २०० आणि ७५० व्होल्ट. फोनचं आउटपुट अर्ध्या-पाऊण व्होल्टचं, ते त्यावर धड दिसतच नाही. एसी दोन व्होल्टची रेंज असलेला किंवा आपोआप रेंज बदलणारा मीटर मागून आणा. एखाद्या इलेक्ट्रिशियनकडे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडेल. ३.५ मिमीचं एक पिन, दोन सॉकेटचं स्प्लिटर घ्या. एका सॉकेटमध्ये इअरफोन, दुसऱ्यात एखाद्या मेलेल्या इअरफोनची कापलेली पिन, तिच्या डाव्या आणि ग्राउंडच्या तारा मीटरला. फोनवर १०० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवा. जास्त वारंवारतेला साधे मीटर चुकीचं दाखवतात, म्हणून टोन खालचाच घ्यायचा. टोन वाजताना इअरफोन कानात नको, पण जोडलेला मात्र हवा, कारण भार बदलला की व्होल्टेज बदलतं. आता जो फोन मोठ्याने वाजतो त्याचा आवाज गाण्याच्या अ‍ॅपमधल्या प्रीअ‍ॅम्पने, म्हणजे आवाज बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करण्याच्या सोयीने, खाली आणा, दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत येईपर्यंत. इथवर आलात की तुमच्या तीन फोनांतला बराचसा फरक विरघळून जाईल असा माझा अंदाज आहे. कदाचित सगळा नाही.

जो उरेल त्याचं कारण बहुधा आउटपुट इम्पीडन्स. फोनच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा थोडा रोध असतो. मोटार कितीही ताकदीची असली तरी पाइप अरुंद असेल तर चार नळ एकदम उघडल्यावर दाब पडतो, तसं इथे होतं. इअरफोन जिथे जास्त करंट मागतो तिथे आवाज पडतो. तुमचा इअरफोन हायब्रिड आहे म्हणालात, म्हणजे त्यात दोन जातींचे ड्रायव्हर, म्हणजे छोटे स्पीकर, असतात: खर्जासाठी एक डायनॅमिक आणि वरच्या स्वरांसाठी बॅलन्स्ड आर्मेचर. अशा इअरफोनचं इम्पीडन्स सगळीकडे सारखं नसतं. समजा खर्जात ते २४ ओहम आहे आणि वर १० ओहमपर्यंत उतरतं. फोनचं आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर खर्ज आणि वरचे स्वर यांत जेमतेम अर्धा डेसिबल तफावत पडते, कानाला न कळणारी. तेच १० ओहम असेल तर वरचे स्वर खर्जाच्या मानाने तीन डेसिबल खाली जातात. तीन डेसिबल कोणालाही कळतात. तानपुऱ्याच्या जवारीतून फुटणारे जे स्वर असतात ते ह्याच वरच्या पट्ट्यात. वडिलांच्या फोनवर तानपुरा दबलेला वाटतो तो ह्यामुळे असण्याची शक्यता मोठी आहे.

हे घरी मोजता येतं. टोन चालू ठेवून आधी काहीही न जोडता व्होल्टेज बघा, मग डाव्या तारेपासून ग्राउंडपर्यंत ३३ ओहमचा रेझिस्टर लावून बघा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून एक वजा करा, ३३ ने गुणा. समजा आधी ०.५०० आणि मग ०.४७० व्होल्ट आले, तर उत्तर साधारण २.१ ओहम. फोनचा हा आकडा इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा आमच्या क्षेत्रातला जुना ठोकताळा. १६ ओहमच्या इअरफोनला दोन ओहम चालतात. साधा एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेला इअरफोन घेतलात तर हा त्रास जवळजवळ संपतोच, कारण त्याचं इम्पीडन्स बऱ्यापैकी सपाट असतं. दोन फोनांतला आवाज एका इअरफोनवर वेगळा आणि दुसऱ्यावर सारखा का वाटतो, ह्याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

मामांच्या व्ही३० मधल्या ईएसएस कंपनीच्या ‘क्वाड डीएसी’चा एवढा बोलबाला का झाला? चिप चांगली आहे, वाद नाही. पण तिची खरी करामत व्होल्टेजमध्ये आहे. पिन घातल्यावर तो फोन समोरचा भार तपासतो आणि पन्नास ओहमहून जास्त दिसला तर जास्त व्होल्टेज सोडतो. ३०० ओहमचे मोठे स्टुडिओ हेडफोन असतात त्यांना त्याची गरज पडते. हिशेब सांगतो. ९७ डेसिबल प्रति मिलिवॅटचा, म्हणजे एका मिलिवॅटला ९७ डेसिबल आवाज देणारा, ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला साधारण १०२ डेसिबल देतो, अर्ध्या व्होल्टला ९६. ख्यालाच्या आलापात सरासरी पातळी शिखरापेक्षा वीस डेसिबलने खाली असू शकते, म्हणजे ७६. शांत खोलीत पुरेल, जरा कुठे मिक्सर चालू झाला की नाही. उलट तुमच्यासारखा १६ ओहमचा, १०५ डेसिबल प्रति मिलिवॅटचा इअरफोन अर्ध्या व्होल्टलाच ११७ पर्यंत जातो. त्याला जास्त ताकदीचा काही उपयोग नाही. अशा संवेदनशील इअरफोनला फायदा होतो तो शांत आउटपुटचा. गाणं थांबवलं की ‘सssस’ येत नाही ना, चार्जर लावल्यावर घरघर येत नाही ना, आणि डोंगराकडेला रेंज कमी झाली की टरटर येत नाही ना, ते ऐका. टूजी नेटवर्कवर फोन सेकंदाला २१७ वेळा ठोके देत असतो, आउटपुटची मांडणी कच्ची असेल तर तेच कानात येतात. ह्या बाबतीत फोनाफोनांत खरंच मोठा फरक असतो आणि तो ऐकायला मीटरही लागत नाही.

तुमच्या फोनचा आवाज कमी का? टाइप-सीची कनेक्टर दोन जातीची येतात. एकात नुसत्या तारा असतात आणि अ‍ॅनालॉग आवाज फोनने द्यावा अशी अपेक्षा असते. बऱ्याच फोनांवर ते मुळी वाजतच नाही. दुसऱ्यात स्वतःची छोटी डीएसी चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर असतो. ओळखायची खूण सोपी: कनेक्टर कॉम्प्युटरला लावा, साउंड कार्ड म्हणून दिसलं तर आत चिप आहे. अशा कनेक्टरने ऐकताना फोनची स्वतःची डीएसी कामच करत नाही, म्हणजे पन्नास हजारांचा फोन आणि तुमचा फोन जवळजवळ एका रांगेत येतात. अ‍ॅपलचं हजाराच्या आसपासचं टाइप-सी कनेक्टर आउटपुटच्या दृष्टीने फार उत्तम, इम्पीडन्स कमी, गोंगाट नाही. पण अनेक अ‍ॅन्ड्रॉइड फोन त्याच्या आतला आवाज पूर्ण उघडत नाहीत, म्हणून ते हळू वाजतं. यूएसबीला थेट आवाज पाठवणाऱ्या प्लेअर अ‍ॅपने तो पूर्ण उघडता येतो. तुमच्याकडे तेच असेल तर तुमच्या तक्रारीचं उत्तर हे आहे.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. तिथे डीएसी आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही हेडफोनमध्येच असतात. फोनाचा वाटा उरतो तो कोडेकचा, म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवण्याच्या पद्धतीचा. एसबीसी, एएसी, एलडॅक ही अशा कोडेकची नावं. एसबीसी चांगल्या जोडणीत साधारण ३२८ केबीपीएसवर चालतो, एलडॅक ९९० पर्यंत जातो, पण बेळगावच्या गणपत गल्लीच्या गर्दीत तोही ३३० वर उतरू शकतो. आयफोनवर एलडॅक नाही, एएसी आहे. आणि अ‍ॅन्ड्रॉइडमध्ये एएसीची घडण फोनागणिक बदलते, म्हणून तिथे फरक ऐकू येऊ शकतो. रियाजात स्वतःचा आवाज माइकमधून कानात घ्यायचा असेल तर ब्लूटूथ अजिबात नको, आवाज मागे पडतो आणि लय मोडते.

काय वाजवून तपासायचं? सिनेमाची गाणी नकोत, त्यांत सगळंच दाबून एका पातळीला आणलेलं असतं. तानपुरा घ्या. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या मैफलींची चांगली ध्वनिमुद्रणं मिळतात, त्यांतले तानपुरे इतके सुरेल लावलेले असतात की वरच्या पट्ट्यात काही कमी पडलं तर लगेच जाणवतं. खर्जासाठी डग्ग्यावरची घसीट ऐका, ती सलग खाली उतरायला हवी, मध्येच फुगायला नको. आणि भजनातले टाळ. पाच-दहा टाळांचा एकदम येणारा तीक्ष्ण ठोका कोडेकला सगळ्यात जड जातो. ब्लूटूथ किंवा कमी बिटरेटच्या फाइलमध्ये त्याच्या कडा भुरभुरीत होतात, काही वेळा ठोक्याच्या आधीच सळसळ ऐकू येते. पेटीही चांगली, मधल्या पट्टीचा खरेपणा तिच्यात कळतो. हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या गावात राहून पेटी न ऐकता हेडफोन निवडणं मला तरी जमत नाही. मात्र आकाशवाणीवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून यूट्यूबवर आलेली जुनी मैफल तुलनेसाठी घेऊ नका. वरचे स्वर टेपमध्येच गेलेले असतात, कोणताही फोन ते परत आणू शकत नाही. गुरुजींची तालीमसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर घेऊ नका. ती सोय बोलण्यासाठी आहे. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये मुद्रित करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पातळी जुळली की आंधळी परीक्षा घ्या. दोन फोन आणि इअरफोन यांच्यामध्ये डावा-उजवा दोन्ही एकदम बदलणारा डबल पोल स्विच लावून छोटी डबी बनवता येते, मोबाइल दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करून देईल. स्प्लिटरने दोन फोनांची आउटपुटं एकमेकांना जोडू मात्र नका, एकाचा करंट दुसऱ्यात शिरतो. भावाला स्विचपाशी बसवा, त्याने नाणं उडवून फोन निवडायचा, तुम्ही ओळखायचा. प्रत्येक वेळी तोच आठ-दहा सेकंदांचा तुकडा सुरुवातीपासून लावा, कारण आवाजाचा बारकावा कानात काही सेकंदच टिकतो. सोळापैकी बारा किंवा जास्त वेळा बरोबर आलात तर फरक खरा माना. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. दहा आले तर निवांत जेवा, दोन्ही फोन तुमच्यासाठी सारखेच आहेत. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेपुढे उभं राहिलात तर दुसऱ्या दिवशी ही परीक्षा नको, कान बधिर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला चाळीस तास, ९० ला फक्त चार. रियाज करणाऱ्याने हा आकडा पाठ करावा असं मला मनापासून वाटतं.

तर वीस हजारांत काय घ्यायचं? फक्त आवाजासाठी फोन बदलू नका. जुन्या फोनचं दुसरं काही दुखणं असेल तर ते बघून नवा निवडा. त्याला जॅक असला तर छान, पण दुकानात तुमचाच इअरफोन लावून गाणं थांबवा आणि शांततेत सूं येते का ते ऐका. जॅक नसेल तर चिप असलेलं कनेक्टर घ्या. उरलेले दोन-तीन हजार कानात नीट बसणाऱ्या, एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनवर घाला आणि त्याच्या रबरी टोप्या तिन्ही मापांत लावून बघा. टोपी सैल बसली की खर्ज दहा-दहा डेसिबलने गळतो. दोन फोनांमध्ये एवढा फरक मी मोजलेला नाही.

मामांचा व्ही३० विकू नका. एलजीने २०२१ मध्ये फोनचा धंदा बंद केला, आता सुटे भाग मिळणं कठीण होत चाललंय, म्हणून बॅटरी बदलायची असेल तर लवकर बदला. सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, मेमरी कार्डात तुमच्या तालमी आणि तानपुरा भरा. तुमचा इअरफोन कमी ओहमचा आहे, तो सरळ जॅकला लावा. मध्ये एक्स्टेन्शनची तार घालून फोनला फसवून जास्त व्होल्टेजच्या मोडमध्ये नेण्याची युक्ती लोक सांगतात, ती तुमच्या कामाची नाही. तिने सूं तेवढी वाढेल.